आमची सायकलकार आणि एक रुपयाचे नाणे

"त्या गाडीबद्दल वार्तापत्रासाठी चार ओळी लिहा," असा मुख्याध्यापिका बाईंचा निरोप दोनदा आला. पहिल्यांदा आम्ही टाळला. दुसऱ्यांदा टाळणे बरे दिसेना. आम्ही चौघे या शाळेचे माजी विद्यार्थी. एकाच वर्गातले, आणि खरे सांगायचे तर एकाच मागच्या बाकावरचे. एकाचे आयुष्य कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात गेले, एकाचे बँकेत. एक जण रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि एक अजूनही घरून डबे देते. या लेखात 'आम्ही' म्हणजे चौघेही. कोणती चूक कोणाची हे लिहायचे नाही, असे लेखणी हातात घेण्यापूर्वीच ठरले आहे.

शाळेच्या मागच्या शेडमध्ये उभी असलेली आमची तीन चाकांची सायकलकार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पाहणाऱ्याला तिचा रंग दिसतो. त्या रंगाखाली काय घडले ते दिसत नाही. ते सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात जानेवारी 2023 मध्ये झाली. लक्ष्मीविलास राजवाड्यावर जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. आम्ही नातवंडांना आणि शाळेतल्या काही मुलांना घेऊन गेलो. राजेरजवाड्यांच्या त्या लांबलचक गाड्या पाहून सगळ्यांचे डोळे दिपले. परत येताना एका मुलाने विचारले, "आजोबा, गरीब लोकांच्या जुन्या गाड्या कुठे ठेवल्या आहेत?" आम्ही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा उत्तर सापडले. साध्या माणसांचीही एक गाडी होती. तिचे नाव सायकलकार.

1910 च्या सुमारास युरोपात मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती. मोटारसायकल परवडत असे, पण तिच्यावर ऊन, पाऊस आणि चिखल सगळा अंगावर. या दोहोंच्या मधली गाडी काही तरुणांनी स्वतःच्या हिमतीवर बनवली. पॅरिसमध्ये रॉबर्ट बुर्बो आणि आंरी दव्हो यांनी 'बेदेलिया' काढली. तिच्यात दोन माणसे होडीत बसावीत तशी एकामागे एक बसत आणि चालवणारा मागे असे! इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पट्ट्याने जाई आणि पुढची चाके तारेने ओढून वळवत. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे आणि नॅश या दोघांनी 'जीएन' काढली, तर मॉर्गन यांनी तीन चाकांची गाडी. 1912 मध्ये या गाड्यांसाठी लंडनमध्ये 'द सायकलकार' नावाचे साप्ताहिक सुरू झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पातळीवर व्याख्याही ठरली. मोठ्या वर्गातल्या सायकलकारचे वजन 350 किलोपेक्षा आणि इंजिन 1100 सीसीपेक्षा जास्त नको. यातल्या अनेक गाड्यांचा सांगाडा लाकडी होता. पुढे 1922 मध्ये 'ऑस्टिन सेव्हन'सारखी खरीखुरी छोटी मोटार स्वस्तात मिळू लागली आणि सायकलकारचे दिवस भरत आले.

आपल्याकडेही असे वेड घेतलेली माणसे होऊन गेली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवली आणि वर्षानुवर्षे तिच्यात सुधारणा केल्या. सामान्य माणसाला बारा हजार रुपयांत गाडी मिळावी हे त्यांचे स्वप्न होते. गाडी धावली, पण बाजारात आली नाही. बंगळूरमध्ये 'सिपानी'च्या 'बादल' आणि 'डॉल्फिन' या फायबरच्या गाड्या निघाल्या. त्यातली 'डॉल्फिन' 1982 ची, आमच्या कॉलेजच्या दिवसांतली. तिच्या दरवाजावर टकटक केली की पत्र्यासारखा नाही, डब्याच्या झाकणासारखा आवाज येई, हे आमच्यातल्या एकाला पक्के आठवते.

आणि बडोदेकरांनी दूर तरी कशाला जावे? महाराजा सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केले ते हाताने काम करणारी शिकलेली माणसे घडावीत म्हणून. त्याचे पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर. 'गज्जर' हे आडनाव गुजरातेत सुतारकाम करणाऱ्या समाजाचे, आणि हे गज्जर रसायनशास्त्रज्ञ. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. लाकूड आणि रसायन या गावात एका छताखाली नांदलेले आहेत. तेव्हा आपणही लाकूड आणि फायबरची सायकलकार का बनवू नये, असे आम्हाला वाटले.

इंजिन बसवायचे नाही हे पहिल्याच बैठकीत ठरले. घरी बनवलेले मोटारवाहन रस्त्यावर आणायचे तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे त्याचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ते आपल्या आवाक्यातले काम नाही. शिवाय मुलांची गाडी. म्हणून पायडल. पुढे दोन चाके, मागे एक, आणि बेदेलियाप्रमाणे दोन जागा एकामागे एक. सांगाडा लोखंडी नळीचा आणि चाके सायकलची. तो भाग फारसा त्रास न देता झाला. त्रास दिला तो वरच्या अंगाने, म्हणजे बॉडीने.

इथे सुतारकाकांची ओळख करून द्यायला हवी. जुन्या विद्यार्थ्यांना ते आठवत असतील. आम्ही शाळेत होतो तेव्हा बाकांचे पाय आणि फळ्यांच्या चौकटी तेच दुरुस्त करत. आता वय ऐंशीच्या पुढे, पण हाताला कंप नाही. आम्ही साठी ओलांडली तरी त्यांच्या दृष्टीने आम्ही 'पोरे'च. आमचा बेत ऐकून ते म्हणाले, "लाकडावर कापड आणि डिंक चिकटवणार? बरं. पण पोरांनो, लाकडाला घाई चालत नाही, एवढं लक्षात ठेवा."

आम्ही मान डोलावली. लक्षात मात्र ठेवले नाही.

2024 च्या फेब्रुवारीत शाळेच्या सभागृहातल्या फरशीवर मुलांनी खडूने गाडी पूर्ण मापात काढली. बाजूने, वरून आणि समोरून. मग खोक्यांच्या पुठ्ठ्याची गाडी बनवली आणि तिच्यात बसून पाहिले. गुडघे सुकाणूला लागत होते, म्हणून नाक बारा सेंटिमीटर लांबवले. पुठ्ठ्याची चूक कात्रीने सुधारते, लाकडाची नाही. हा धडा मुलांनी आमच्यापेक्षा लवकर घेतला.

दुसरा धडा कागदाने दिला. कागद गुंडाळून नळी होते, शंकूही होतो, पण चेंडू काही होत नाही. तो एका वेळी एकाच दिशेला वाकतो. प्लायवूडचेही तसेच. म्हणून गाडीच्या बाजू चार मिलिमीटरच्या प्लायवूडच्या केल्या. नाक आणि शेपटी दोन्ही दिशांनी गोल, तिथे प्लाय चालेना. तिथे होडी बांधतात तशा अरुंद लाकडी पट्ट्या एकीला लागून एक बसवायच्या ठरल्या. लाकूड कुठले? शाळेच्या माळ्यावर मोडक्या बाकांचा ढीग होता. जुने सागवान! विश्वस्तांनी परवानगी दिली. सुतारकाकांनी फळ्या चिरून आठ मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या. मुलांनी रंधा, पटाशी, गुण्या ही नावे तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पटाशीला रस्त्यावरच्या गुजरातीत 'फरसी' म्हणतात हे काहींना ठाऊक होते, पण घरातला शब्द माहीत नव्हता. एका फळीच्या खालच्या अंगाला कर्कटकाने कोरलेली आमच्यातल्या दोघांची नावेही निघाली. मुख्याध्यापिका बाई शेजारीच उभ्या होत्या. आम्ही ती फळी हळूच उलटी केली.

आता फायबरविषयी. फायबरग्लास म्हणजे काचेचे केसासारखे बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. काचेचा धागा ओढायला फार मजबूत, पण एकटा लुळा. रेझिन एकटे ठिसूळ. दोन्ही एकत्र आली की कवच बनते. कुडाच्या भिंतीत माती आणि भुसा असतो, त्यातलाच प्रकार. अमेरिकेत 1953 च्या 'कॉर्व्हेट' मोटारीची बॉडी याचीच होती. बाजारात काचेचे धागे चटईसारखे मिळतात, त्याला 'मॅट' म्हणतात. मॅट पृष्ठभागावर पसरायची, ब्रशने रेझिन भिजवायचे आणि दातेरी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. सांगायला तीन वाक्ये. करायला एक उन्हाळा.

पालकांच्या माहितीसाठी सांगतो की रेझिनच्या कामात एकाही मुलाला हात लावू दिला नाही. साधे पॉलिएस्टर रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन द्रव्ये लागतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायची नसतात, आग लागू शकते. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, मगच दुसरे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. काचेची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज. म्हणून चष्मा, हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्या. तेही आम्ही चौघांनीच. मुलांकडे वजन, माप आणि नोंदवही होती. नोंदवही नववीतल्या एका मुलीकडे होती. तिचा उल्लेख पुढे येणार आहे.

मे महिन्यातले बडोदे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही दुपारी चार वाजता कामाला बसलो आणि वेळ वाचावा म्हणून दीड किलो रेझिन एकदम बादलीत कालवले. पाच-सात मिनिटांत त्याचे दही झाले. मग बादली हाताला चटका देऊ लागली आणि वाफेबरोबर धूर निघाला. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते. अरुंद बादलीत ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि साठत जाते. आम्ही बादली काठीने उचलून मैदानातल्या वाळूवर नेऊन ठेवली. थंड झाल्यावर पाहिले तर आतला गोळा तडकलेला. डबे देणारी आमची मैत्रीण म्हणाली, "कणीक जेवढ्या पोळ्यांची हवी तेवढीच भिजवावी. हे मला विचारलं असतं तर?" त्यानंतर पहाटे सहाला, पसरट ताटात, तीनशे-तीनशे ग्रॅम.

जूनअखेर कवच पूर्ण झाले. वजन केले तर अंदाज तीस किलोचा आणि काटा एकेचाळीसवर. जास्तीचे रेझिन ओतले की मजबुती वाढते असे आम्हाला वाटत होते. ती वाढत नाही, फक्त वजन वाढते. मुलीने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खाली रेघ मारली. आत रेझिनचा हात द्यायचा आणि प्लायच्या खालच्या कडा बंद करायच्या, एवढे काम उरले होते. ते दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणून ठेवले.

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. त्या दिवसांविषयी इथे जास्त लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची घरे त्या पाण्यात होती. शाळेच्या शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होते. ते उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा गाडी जागेवर नव्हती. ती तरंगत जाऊन कोपऱ्यातल्या खांबाला टेकली होती. आत चिखल भरलेला. मगर असेल या भीतीने आमच्यातला एक बराच वेळ दारातच उभा होता. मगर नव्हती.

त्यानंतर एका पालकांनी आम्हाला स्पष्ट विचारले, "लोकांची घरं वाहून गेली आणि तुम्ही खेळण्यावर वर्गणी घालवताय?" प्रश्न रास्त होता. शिल्लक वर्गणी आम्ही मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी शाळेच्या कार्यालयात जमा केली. पुढचा खर्च आम्ही चौघांनी केला. पण त्या प्रश्नाची एक बोच मनात राहिली. स्नेहसंमेलनात गाडी झोकात उभी राहिली पाहिजे, म्हणजे लोकांना पटेल, असे आम्हाला वाटू लागले. तिथेच आमचे चुकले.

सुतारकाका म्हणाले होते, "लाकूड पाणी प्यायलं आहे. उत्तरायणापर्यंत हात लावू नका. वरून कोरडं दिसतं, आतून नसतं." स्नेहसंमेलन डिसेंबरच्या शेवटी. उत्तरायण जानेवारीत. आम्ही गाडी धुतली, दोन आठवडे उन्हात ठेवली, लांबी भरली, घासली आणि रंग दिला. गडद निळा, वर पांढरी रेघ. काय सुंदर दिसत होती! तिच्याभोवती आम्ही स्वतःच फोटो काढून घेतले.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी वहीवाली मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी गाडी पुसत होत्या. आम्हीच कधीतरी त्यांना सांगितले होते की विमानाच्या भागांचा थर सुटला आहे का, हे नाण्याने वाजवून तपासतात. थर घट्ट असेल तर टणक आवाज येतो. सुटला असेल तर बोदा. तिने खिशातून रुपया काढला आणि नाकावर वाजवला. टक, टक, टक... आणि मग बद्द. पुन्हा तिथेच बद्द. आम्ही चौघेही पंखाखाली चहा घेत होतो. चौघांनीही ऐकले आणि कोणीच काही बोलले नाही.

तिने विचारले, "इथे खूण करू का?"

आमच्यातला एक म्हणाला, "अगं, उद्या दाखवू या आणि परवा दुरुस्त करू. उद्या कोण रुपया वाजवून बघणार आहे?"

मुलगी काही बोलली नाही. रुपया मुठीत धरून उभी राहिली. त्या शांततेत आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला. वर्षभर आम्ही या मुलांना सांगत होतो की जे मोजले ते लिहायचे, आवडो वा न आवडो. वजनाच्या आकड्याखाली तिने रेघ मारली तेव्हा आम्हीच तिचे कौतुक केले होते. आणि आता वही बंद कर असे सांगत होतो. आम्ही शाळेत असताना परीक्षेच्या वेळी साहेब येणार म्हणून फक्त पहिल्या दोन बाकांना पॉलिश होत असे. आम्ही मागच्या बाकावरचे. आम्हाला तरी हे कळायला हवे होते.

"खडू आण," आम्ही म्हणालो.

रात्री नऊपर्यंत सगळी गाडी वाजवून झाली. निळ्या रंगावर पांढऱ्या खडूची एकोणीस वर्तुळे. सुतारकाकांना बोलावले. ते आम्हाला रागावतील असे वाटले होते. त्यांनी वर्तुळांवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, "पुसू नका."

दुसऱ्या दिवशी गाडी तशीच उभी केली. शेजारी मुलीने मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: 'खडूच्या वर्तुळात थर सुटला आहे. वाजवून बघा.' खाली एका वाटीत रुपयाची नाणी ठेवली. आम्ही लांब, सभागृहाच्या दाराशी उभे राहिलो. जवळ जायचे धैर्य नव्हते. पण रांग लागली. आजोबा-आजी, लहान मुले, विश्वस्त, सगळे नाणे घेऊन वाजवत होते. ज्या पालकांनी पुरानंतर प्रश्न विचारला होता, त्यांनीही नाक वाजवले, शेपटी वाजवली आणि मुलीला विचारले, "मग आता?" ती म्हणाली, "आता कारण शोधायचं."

कारण तिच्याच वर्तुळांनी सांगितले. वहीत गाडीचे चित्र काढून तिने वर्तुळे जागच्या जागी मांडली, तेव्हा त्यांचे दोन गट दिसले. सात वर्तुळे प्लायवूडच्या अगदी खालच्या काठाला, एका रेषेत. तिथे आम्ही कडा उघड्या ठेवल्या होत्या आणि पुराचे पाणी त्यातून वर चढले होते. उरलेली बारा नाक आणि शेपटीवर. तिथवर पाणी साचले नव्हते. तिथे होते सागवान.

सागवानाला वाळवी का लागत नाही, पाण्यात ते का टिकते? कारण त्यात नैसर्गिक तेल असते. सुतारकाकांच्या दृष्टीने तो त्याचा गुण. पण त्याच तेलामुळे पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही. त्यात बाकांवर चाळीस वर्षांचे जुने पॉलिश. आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना रेझिन ठाऊक होते, काकांना सागवान ठाऊक होते. दोघांना एकत्र बसवून "हे त्याला चिकटेल का?" असे आम्ही एकदाही विचारले नव्हते. दोघांची बैठक झाली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

दुरुस्ती उत्तरायणानंतरच सुरू केली. नाक आणि शेपटीवरचे सगळे फायबर काढले. बऱ्याच ठिकाणी ते सालीसारखे हातात आले. लाकूड जाड पॉलिश-पेपरने घासून कोरे केले, ॲसिटोनने पुसले आणि तेल पुन्हा वर यायच्या आत लगेच इपॉक्सीचा पहिला हात दिला. इपॉक्सी महाग, पण सागवानाला ते चांगले धरते. त्यावर मॅटऐवजी विणलेले काचेचे कापड घातले. साध्या मॅटमधले धागे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. आणखी एक गोष्ट शिकलो. घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणून क्रम चुकवायचा नाही. प्लायच्या खालच्या कडा सुकवून इपॉक्सीने बंद केल्या, आतूनही हात दिला. आतल्या टोकदार कोपऱ्यांत कापड बसत नाही, खाली पोकळी राहते. तिथे काकांनी आधी लांबी भरून गोलाई काढली. त्यासाठी त्यांनी वापरले त्यांच्या घरचे आमटीचे डाव.

30 मार्च 2025, गुढीपाडवा. गाडी मैदानात आणली. पुढे सुतारकाका बसले, मागे वहीवाली मुलगी, पायडल तिच्याकडे. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत काका म्हणाले, "थोडी हळू." उतरल्यावर त्यांनी पाठ वळवून नाकावर बोटांनी टकटक केली. आपल्याला कोणी पाहिले नाही असे त्यांना वाटले असावे.

गाडी अजूनही एकेचाळीस किलोच्या आसपासच आहे. दुरुस्तीत जेवढे काढले तेवढेच जवळपास पुन्हा चढले. डावे पुढचे चाक थोडे कुरकुरते. नाकावर नवा निळा रंग जुन्याशी जुळत नाही, उन्हात फरक दिसतो. तो जुळवायचा विचार आम्ही सोडून दिला आहे. नोंदवही शाळेच्या वाचनालयात ठेवली आहे. तिच्यात धूर निघालेल्या बादलीचेही पान आहे आणि एकोणीस वर्तुळांचेही. पुढच्या तुकडीला हलकी बॉडी करायची असेल तर तिथून सुरुवात करावी. माळ्यावर अजून सात बाक आहेत, आणि काका शनिवारी सकाळी शेडमध्ये असतात.

पालकांनी आणि विश्वस्तांनीही एकदा जरूर यावे. येताना खिशात एक रुपयाचे नाणे असू द्यावे.